ग्लायडरमधील मार्गनिर्देशक साधने व आज्ञावली

ग्लायडरमधील मार्गनिर्देशक साधने व आज्ञावली : एंजिनरहित ग्लायडर विमानाच्या वैमानिकास आपले स्थान, उंची, वाऱ्याचा वेग व दिशा आणि इच्छित स्थळी पोहोचण्यास लागणारी किमान उंची यांची माहिती देणारी, हातात धरता येतील किंवा मांडीवर बांधता येतील अशी लहान इलेक्ट्रॉनीय साधने आणि त्यांत वापरावयाच्या संगणकीय आज्ञावली यांचा या नोंदीत विचार केला आहे. ग्लायडरची रचना, उड्डाणाचे तत्त्व व ग्लायडरमधील स्थायी उपकरणे यांची माहिती अन्यत्र दिली आहे [⟶ ग्लायडर].

एंजिनयुक्त विमानाच्या वैमानिकापुढील मुख्य प्रश्न ‘मी कोठे आहे व कोणत्या दिशेने जावे’ हा असतो. ग्लायडरच्या वैमानिकापुढे त्याहून निकडीचा असा दुसरा प्रश्न सतत उभा असतो आणि तो म्हणजे ‘येथून, या उंचीवरून, मी कोठपर्यंत पोहोचू शकेन’ हा होय. त्याच्याजवळ इंधन नसते. उंची हेच त्याचे भांडवल. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या, थर्मल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वायुस्तंभात घिरट्या घालून ते मिळवावयाचे आणि पुढील वायुस्तंभापर्यंत जाताना खर्च करावयाचे, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे मोटारगाडीसाठी किंवा पदभ्रमणासाठी तयार केलेले स्थाननिर्देशक साधन ग्लायडरमध्ये जवळजवळ निरुपयोगी ठरते. कारण ते पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, दुसऱ्याचे देत नाही. साधनाची निवड करताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावयास हवा.

ऐतिहासिक विकास : उपग्रहांच्या आधारे स्थाननिश्चिती सुरू होण्यापूर्वी ग्लायडरचा वैमानिक कागदी नकाशा, होकायंत्र, तुंगतामापक आणि ऊर्ध्व वा अधोगती दाखविणारे व्हेरिओमीटर यांवर विसंबून असे. १९५६ मध्ये जागतिक विजेतेपद मिळविणारे अमेरिकन वैमानिक व अभियंते पॉल मॅकक्रेडी यांनी दोन वायुस्तंभांमधील अंतर किती वेगाने कापावे, याचे गणित प्रचारात आणले. व्हेरिओमीटरभोवती बसविलेल्या फिरत्या कड्यावर हे गणित आकड्यांच्या रूपाने कोरलेले असे. उतरण्यास लागणारी उंची काढण्यासाठी पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या वर्तुळाकार गणकपट्ट्या वापरीत. ठरलेल्या वळणबिंदूवर वैमानिक जाऊन आला, याचा पुरावा म्हणून छायाचित्रे आणि दाबलेखकाचा आलेख सादर करावा लागे.

अमेरिकेची जीपीएस ही उपग्रह यंत्रणा १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. नागरी वापरासाठीच्या संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेली त्रुटी २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली आणि तोपर्यंत सुमारे शंभर मी.पर्यंत असणारी स्थानातील चूक काही मी.वर आली. त्याच सुमारास खिशात मावणारे संगणक बाजारात आले. त्यांच्या पडद्यांवर सूर्यप्रकाश परावर्तित होऊन चित्र उजळत असल्याने ते ग्लायडरमध्ये लोकप्रिय झाले आणि त्यांच्यासाठी खास आज्ञावली लिहिल्या गेल्या. त्यांपैकी स्लोव्हेनियातील नॅव्हिटर या संस्थेची ‘सीयू’ ही व्यापारी आज्ञावली आणि ‘एक्ससीसोअर’ ही विनामूल्य आज्ञावली या विशेष प्रसिद्ध आहेत. एक्ससीसोअरही प्रारंभी विक्रीसाठीच होती. मूळ निर्मात्याने काम थांबविल्यावर २००५ मध्ये तिची सूत्रे मुक्त परवान्याखाली खुली करण्यात आली आणि पुढे अनेक देशांतील वैमानिक-तंत्रज्ञांनी ती वाढविली. ‘एलके८०००’ ही तिच्यापासूनच फुटलेली शाखा होय. खिशातील संगणक मागे पडल्यावर त्यांची जागा मोटारींसाठीच्या स्थाननिर्देशकांनी, नंतर भ्रमणध्वनी संचांनी आणि काही वैमानिकांच्या बाबतीत इलेक्ट्रॉनीय शाईचा पडदा असलेल्या पुस्तकवाचक यंत्रांनी घेतली.

भारतीय पार्श्वभूमी : महाराष्ट्रात ग्लायडर उड्डाणाची परंपरा मुख्यतः पुण्याजवळील हडपसर येथील केंद्राभोवती वाढली. तेथे विंचच्या तारेने ग्लायडर ओढून आकाशात सोडीत. भारतीय नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने १९५० नंतरच्या तीन दशकांत अभिकल्पिलेल्या ग्लायडर विमानांना अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा अशी नावे देण्यात आली. पंचांगातील नक्षत्रांचा क्रम यात बव्हंशी राखलेला दिसतो (‘कार्तिक’ हे नाव कृत्तिका नक्षत्राशी जुळते). आपल्या खात्यांनी यंत्रांना दिलेल्या नावांत इतकी रसिकता क्वचितच आढळते. या विमानांत सर्व उपकरणे यांत्रिक असत आणि शिक्षणाची बरीच उड्डाणे धावपट्टीच्या दृष्टिपथातच होत. त्यामुळे मार्गनिर्देशनाचा प्रश्न तीव्रतेने उपस्थित होत नसे. दूर अंतराच्या उड्डाणात मात्र तो टाळता येत नाही.

अखेरच्या टप्प्याचे गणित : साधनाकडून नेमके काय अपेक्षावयाचे, हे एका कल्पित उड्डाणाच्या आधारे स्पष्ट करता येईल. हडपसर ते छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील चिकलठाणा विमानतळ हे सरळ रेषेतील अंतर सुमारे २१५ किमी. आहे. उड्डाणाच्या प्रारंभीच हवाई दलाचा लोहगाव तळ उत्तरेस जेमतेम नऊ-दहा किमी.वर असतो. पुढे अहिल्यानगरच्या बाजूस के. के. रेंज हे लष्कराचे गोळीबार क्षेत्र या रेषेपासून फार दूर नाही. त्यानंतर रेषा गोदावरी ओलांडते, ती नाथसागराच्या वरच्या अंगाला. विस्तीर्ण जलाशयावर व त्याच्या काठच्या ओलिताच्या शेतीवर जमीन पुरेशी तापत नाही; म्हणून तेथे वायुस्तंभ मिळण्याची आशा कमी असते. सबब जलाशयापूर्वीच पुरेशी उंची मिळवून उरलेले अंतर एका दमात तरंगत कापावे लागते. यालाच अखेरचा टप्पा म्हणतात.

समजा, चिकलठाणा ४५ किमी. दूर आहे आणि ग्लायडर ताशी ९० किमी. वेगाने निश्चल हवेत एक मी. उंची गमावून ३० मी. पुढे जाते. मग या अंतरासाठी १,५०० मी. उंची खर्ची पडेल. विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची ५८२ मी. आहे. विमानतळावर पोहोचल्यावर फेरी घालून नीट उतरता यावे, म्हणून २५० मी. शिल्लक ठेवावयाचे म्हटले, तर तुंगतामापकावर किमान २,३३२ मी. दिसावयास हवेत. हिवाळ्यात ईशान्येकडून ताशी २० किमी. वेगाचा वारा समोरून येत असेल, तर जमिनीच्या संदर्भात ग्लायडरचा वेग ७० किमी. उरतो आणि त्याच अंतराला सुमारे १,९३० मी. उंची लागते. म्हणजे आवश्यक उंची २,७६२ मी. होते. हे गणित कोणतीही चांगली आज्ञावली क्षणार्धात करून देते आणि वैमानिक बाजूला वळला की नव्याने मांडते.

पण प्रश्न आज्ञावलीच्या गणिताचा नसून तिला पुरविलेल्या आकड्यांचा आहे. प्रत्यक्षात वारा ताशी २० ऐवजी २५ किमी. असेल, तर सुमारे १४७ मी. अधिक उंची खर्च होते. पंखांच्या अग्रकडेवर किडे व धूळ चिकटल्याने ग्लायडरची क्षमता १० टक्क्यांनी घटली असेल, तर सुमारे २१४ मी. अधिक लागतात. यांपैकी एकच चूक झाली, तर २५० मी.ची शिल्लक ती सोसते. दोन्ही एकदम झाल्या, तर सुमारे ३७८ मी.ची तूट येते आणि ग्लायडर धावपट्टीच्या अडीच किमी. अलीकडेच जमिनीला टेकते. तेथे शहराची वाढती वस्ती आहे. पडद्यावर मात्र या टप्प्याच्या आरंभी ‘पोहोचाल’ असेच लिहिलेले असते. या कारणाने, वाऱ्याचा अंदाज आज्ञावली कशावरून काढते (घिरट्या घालताना होणाऱ्या सरकण्यावरून की केवळ वैमानिकाने भरलेल्या आकड्यावरून), पंखांच्या अस्वच्छतेसाठी क्षमता घटवून धरण्याची सोय तिच्यात आहे काय आणि सुरक्षित उंचीची मर्यादा उड्डाणापूर्वी निश्चित करून ठेवता येते काय, या तीन गोष्टी निवड करताना सर्वांत आधी पाहाव्यात. नकाशाचे रंग, आवाजी सूचना वगैरेंचा विचार त्यानंतरचा.

उंचीचे गणित सरळ रेषेतील अंतरापुरतेच मर्यादित असून चालत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सातारा-देवळाईचे डोंगर आहेत. विमानतळापर्यंतची उंची पुरेशी असली, तरी वाटेतील माथा ओलांडण्यास ती पुरेल किंवा नाही, हे आज्ञावलीने स्वतंत्रपणे दाखविले पाहिजे. बहुतेक आज्ञावली यासाठी फेब्रुवारी २००० मधील अमेरिकन अंतराळयानाच्या रडार सर्वेक्षणातून सिद्ध झालेला भूरूपाचा तपशील वापरतात. त्यातील सर्वत्र उपलब्ध असलेल्या आवृत्तीत सुमारे ९० मी. चौरसाला उंचीचा एकच आकडा असतो. दौलताबादच्या किल्ल्याचा ताशीव कडा किंवा सह्याद्रीतील सरळसोट कडे अशा आकड्यांत गोलाईदार टेकड्यांसारखे दिसतात आणि विजेचे मनोरे व तारा तर मुळीच दिसत नाहीत. पडद्यावरचा डोंगर हा खऱ्या डोंगरापेक्षा नेहमीच सौम्य असतो, असे समजून चालणे बरे.

उंची व स्थान यांचे संदर्भ : भारतातील वापरकर्त्यांसाठी दोन बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली उंचीसंबंधी. उपग्रहांवरून मोजलेली उंची ही पृथ्वीच्या एका गणिती विवृत्तजी पृष्ठापासूनची असते, सरासरी समुद्रसपाटीपासूनची नव्हे. यूरोपच्या बऱ्याच भागात समुद्रसपाटी या पृष्ठाच्या वर आहे, तर भारतात ती खाली असून मराठवाड्यात हा फरक सुमारे साठ मी. आहे. साधन ही दुरुस्ती करीत नसेल, तर ५८२ मी. उंचीच्या चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उभे असताना ते सुमारे ५२० मी. दाखवील. चूक सुरक्षित बाजूची आहे खरी. पण ती ध्यानात न घेता कोणी साधनाचा आकडा हाताने जुळविला आणि पुढे दुरुस्ती आपोआप सुरू झाली, तर तीच चूक घातक बाजूस वळते. दुसरी बाब नकाशासंबंधी. भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट विवृत्तजावर आधारलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हा संदर्भ वापरते. जुन्या नकाशावरून घेतलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे साधनात भरल्यास महाराष्ट्रात स्थान शंभर मी.हून अधिक सरकते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर काढलेल्या खुल्या मालिकेतील नकाशांत हा दोष नाही.

पडदा, उष्णता व वीजपुरवठा : ग्लायडरचा वैमानिककक्ष पारदर्शक घुमटाखाली असतो आणि सूर्यप्रकाश सर्व बाजूंनी येतो. दुकानात झळाळणारा भ्रमणध्वनीचा पडदा तेथे काळा आरसा बनतो. तो वाचण्यासाठी वैमानिकाला हाताची सावली धरावी लागते, डोके खाली घालावे लागते आणि तेवढा वेळ त्याची नजर आकाशावरून ढळते. एकाच वायुस्तंभात दोन-तीन ग्लायडर विमाने घिरट्या घालीत असताना असे काही सेकंदही धोक्याचे ठरतात. म्हणून साधन विकत घेण्यापूर्वी ते दुपारी उघड्या मैदानात, डोळ्यांवर नेहमीचा काळा चष्मा ठेवून पाहणे हीच खरी परीक्षा होय. (ध्रुवित काचांच्या चष्म्यातून काही पडदे एका विशिष्ट कोनात पूर्ण काळे दिसतात.) इलेक्ट्रॉनीय शाईचा पडदा प्रखर उन्हात कागदासारखा स्वच्छ दिसतो व त्याला वीजही अत्यल्प लागते, मात्र त्यावरील चित्र सावकाश बदलते, बहुतेक साधनांत रंग नसतात आणि जीपीएस ग्राहक बाहेरून जोडावा लागतो. काटकसर करू इच्छिणाऱ्या व डाग देण्याचे साहित्य हाताळता येणाऱ्या वैमानिकास हा मार्ग निश्चितच फायद्याचा आहे.

उष्णतेचा प्रश्न थंड देशांतील पुस्तिकांत फारसा आढळत नाही. आपल्याकडे तो मुख्य आहे. अनेक भ्रमणध्वनी संच ३५° से. पर्यंतच्या सभोवतालच्या तापमानात वापरण्यासाठी बनविलेले असतात. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे वायुस्तंभ जोरदार असतात त्याच काळात, सावलीतील तापमान ४०° से. ओलांडते. उड्डाणाची पाळी येईपर्यंत घुमटाखाली ठेवलेला संच त्याहून कितीतरी अधिक तापतो आणि स्वसंरक्षणार्थ पडदा मंद करतो किंवा बंद पडतो. कोरडी हवा वर चढताना दर किमी.ला सुमारे १०° से. थंड होत असल्याने उड्डाणानंतर परिस्थिती सुधारते. पण विंचने सुटताना व कमी उंचीवर, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी, साधन दगा देण्याचा संभव असतो. उड्डाण होईपर्यंत साधन पांढऱ्या कापडाखाली ठेवणे व ते वायुवीजनाच्या झोताजवळ बसविणे हे साधे उपाय उपयोगी पडतात.

ग्लायडरमध्ये सर्वसाधारणपणे १२ व्होल्टची विद्युत् घटमाला असते व तिच्यावर रेडिओ व व्हेरिओमीटर चालतात. हातातील साधन त्याच घटमालेवर चालविल्यास एका तारेच्या दोषाने सर्वच उपकरणे बंद पडू शकतात. साधनाचा स्वतःचा घट उड्डाणाच्या अपेक्षित काळाच्या दीडपट तरी टिकावा आणि बाह्य पुरवठा हा जादा आधार असावा. साधन मांडीवर बांधावे की उपकरणफलकावर बसवावे, हा आवडीचा प्रश्न आहे. मात्र ते सुटून नियंत्रणदांड्याच्या बुडाशी अडकणार नाही, याची खात्री करावी लागते.

आज्ञावलीची निवड : आज्ञावली विनामूल्य आहे की विकतची, यावरून तिची गुणवत्ता ठरत नाही. विनामूल्य आज्ञावलींत पर्यायांची गर्दी अधिक असते व त्या आपल्या सोयीनुसार बेतून घ्याव्या लागतात. विकतच्या आज्ञावली साधनासह तयार स्थितीत मिळतात. नवशिक्याने उड्डाणातील तीन अवस्थांसाठी (घिरट्या, मार्गक्रमण व अखेरचा टप्पा) प्रत्येकी एकच पान ठेवावे आणि प्रत्येक पानावर चार-पाचपेक्षा अधिक आकडे येऊ देऊ नयेत. एका दृष्टिक्षेपात जे वाचता येत नाही, ते ग्लायडरमध्ये नसल्यासारखेच आहे. उतरण्याजोग्या जवळच्या जागांची यादी एका स्पर्शाने उघडली पाहिजे. अशी यादी यूरोपात स्थानिक क्लब तयार करतात. आपल्याकडे ती वैमानिकालाच तयार करावी लागते आणि त्यासाठी प्रत्यक्ष जाऊन जमीन पाहण्यास पर्याय नाही. मराठवाड्यातील काळ्या जमिनीचे शेत एप्रिलमध्ये भेगाळलेले असते, तर नांगरटीनंतर त्यात ढेकळांचे बांध उभे राहतात. वरून दोन्ही सारखीच सपाट दिसतात.

नियंत्रित व निषिद्ध हवाई क्षेत्रांच्या सीमा आज्ञावलीत वेगळ्या फाइलच्या रूपाने भरतात. उत्साही व्यक्तींनी संकलित केलेल्या फाइली सहज मिळतात. परंतु त्या अधिकृत नसतात. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेली हवाई माहिती पुस्तिका व त्या दिवसाच्या वैमानिकांसाठीच्या सूचना यांच्याशी त्या ताडून पाहणे आवश्यक आहे. चिकलठाणा हा नियंत्रित विमानतळ असल्याने तेथे पूर्वपरवानगी व रेडिओ संपर्क यांवाचून जाता येत नाही, हेही वरील कल्पित उड्डाणाच्या संदर्भात नमूद केले पाहिजे.

भ्रमणध्वनीत दाबसंवेदक असला, तरी तो व्हेरिओमीटरची जागा घेऊ शकत नाही. वैमानिककक्षातील दाब हा बाहेरील स्थिर दाबाहून वेगळा असतो आणि खिडकी उघडताच बदलतो. शिवाय वैमानिकाने दांडा मागे ओढून वेगाच्या बदल्यात मिळविलेली उंची आणि हवेने दिलेली उंची यांतील फरक असा संवेदक ओळखत नाही. यासाठी बाहेरील नलिकेस जोडलेल्या व्हेरिओमीटरकडून तारेने किंवा बिनतारी पद्धतीने माहिती घेणारी आज्ञावली निवडावी.

कायदेशीर बाबी : परदेशातून आणलेल्या काही हस्तधारित साधनांत उपग्रहामार्फत संदेश पाठविण्याची सोय असते. निर्जन प्रदेशात उतरावे लागल्यास ती मोलाची ठरते. तथापि दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे साधन भारतात बाळगणे वा वापरणे बेकायदा आहे आणि त्यावरून परदेशी प्रवाशांना विमानतळांवर अटक झाल्याची उदाहरणे आहेत. केवळ संकेत ग्रहण करणाऱ्या जीपीएस साधनांना हे बंधन लागू नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्था व विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेल्या ‘गगन’ या यंत्रणेचे दुरुस्ती संकेत घेऊ शकणाऱ्या ग्राहकात स्थानाची व विशेषतः उंचीची अचूकता वाढते.

उड्डाणाचा पुरावा म्हणूनही या साधनांतील नोंद उपयोगी पडते. जागतिक विक्रमांसाठी आंतरराष्ट्रीय वैमानिकी संघाने संमत केलेला, मोहोरबंद उड्डाणलेखकच लागतो, रौप्य पदकासारख्या प्राथमिक पदकांसाठी (५० किमी. अंतर, १,००० मी. उंचीची कमाई व पाच तासांचे उड्डाण) राष्ट्रीय संस्थेने मान्य केलेला साधा स्थानलेखक चालू शकतो.

आज्ञावलीचा सराव उड्डाणात करू नये. एक्ससीसोअरसारखी आज्ञावली घरच्या संगणकावरही चालते आणि ‘काँडॉर’ या ग्लायडर उड्डाणाच्या आभासी प्रणालीस जोडून तीत वारा, पंखांची अस्वच्छता व सुरक्षित उंची यांचे आकडे बदलून पाहता येतात. वर दिलेले ४५ किमी.चे उदाहरण अशा रीतीने आठ-दहा वेळा करून पाहिल्यास पडद्यावरील आकड्यावर केव्हा विश्वास ठेवावा आणि केव्हा जवळचे शेत निवडावे, याचा अंदाज वैमानिकास येऊ लागतो.